पापुद्र्यांचा सांधा

म्हाताऱ्या बापानें मरणसमयीं आपल्या भांडखोर मुलांस काटक्यांची मोळी मोडावयास सांगितली, ही गोष्ट लहानपणीं ज्यानें ऐकली नाहीं असा वाचक विरळा. सुटी काटकी सहज मोडते, मोळी मोडत नाहीं. म्हणून एकीनें राहावें, हें तिचें तात्पर्य आपण सर्वांनीं पाठ केलेलें असतें. पण या गोष्टींतील एका पात्राचें नांवहि कोणी घेत नाहीं. तें पात्र म्हणजे मोळी बांधणारी दोरी. काटक्या कितीहि चांगल्या असोत, दोरी तुटली कीं एकीचें सारें तत्त्वज्ञान अंगणांत विखरून पडतें.

मनुष्यानें घडविलेल्या द्रव्यांच्या इतिहासाचीहि हीच तऱ्हा आहे. लोखंड, पोलाद, कांच, कर्ब यांच्या तंतूंचे आणि पत्र्यांचे पोवाडे पुष्कळ गाइले गेले. त्यांना एकत्र धरून ठेवणारा सांधा मात्र बहुधा तळटीपेंत राहिला. आणि तो सुटला तेव्हां कधीं विमान कोसळलें, तर कधीं एखादें मोठें स्वप्न मोडलें. विमानांच्या एंजिनांत व अग्निबाणांत आज उष्णतेपुढें न डगमगणारीं तंतुमय संमिश्र द्रव्यें वापरतात. त्यांचे थर एकमेकांपासून सुटूं नयेत म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अतिसूक्ष्म द्रव्यांची योजना करण्याचे प्रयत्न चालले आहेत. या प्रयत्नांचें महत्त्व कळावयाचें तर त्यांच्यामागील शंभर वर्षांचा इतिहास, म्हणजे दोरीचा इतिहास, पाहावयास हवा. तो सांगण्याचा हा अल्प यत्न आहे.

थर सुटण्याच्या क्रियेला आपल्या भाषेंत एक नेमका शब्दप्रयोग आहे: पापुद्रे सुटणें. चिरोटे करणारी सुगरण पोळ्यांच्या मध्यें तूप व तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावते, तो अशासाठीं कीं, तळतांना थर एकमेकांस चिकटूं नयेत आणि पापुद्रे मोकळे व्हावेत. विमान बांधणाऱ्याची इच्छा नेमकी उलट असते. त्यालाहि थर हवेच असतात. पण ते सुटलेले त्याला परवडत नाहींत. निसर्गानें अभ्रकाला सुटणारे थर दिले आणि शिंपल्याला न सुटणारे. अभ्रकाचीं पानें नखानेंहि निघतात. शिंपल्याच्या आंतला मोतिया रंगाचा थर चुन्याच्या अतिसूक्ष्म फरश्या आणि त्यांमधील सेंद्रिय चिकट द्रव्य यांचा बनलेला असून, नुसत्या चुनखडीहून तो कितीतरी पटींनीं चिवट असतो. मानवी कारागिरीचा या क्षेत्रांतील प्रवास अभ्रकाकडून शिंपल्याकडे चालला आहे, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

अभ्रकाचा उल्लेख येथें केवळ उपमेसाठीं केलेला नाहीं. जन्मानें बेल्जियन पण अमेरिकेंत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून उष्णता आणि दाब यांच्या साह्यानें एक कृत्रिम राळ तयार केली. एकदां घट्ट झाल्यावर ती पुन्हां वितळत नसे. हाच तिचा मोठा गुण. बेकलाइट या नांवानें ती जगभर गेली. पुढें १९१३ सालीं सिनसिनाटी शहरांत हर्बर्ट फेबर व डॅनियल ओकॉनर या दोघां तरुण यंत्रज्ञांनीं अशा राळेचे थरावर थर दाबून पक्के तक्ते बनविण्याचा धंदा सुरू केला. विद्युद्यंत्रांत वीज अडविण्यासाठीं तोंवर अभ्रक वापरीत. त्याऐवजीं हा नवा पदार्थ वापरावा, म्हणून 'अभ्रकाऐवजीं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्यांनीं त्याचें नांव फॉर्मायका असें ठेविलें. आपल्या घरांतील टेबलांवर व कपाटांवर जो सनमायकाचा पत्रा दिसतो, त्याची वंशावळ येथपर्यंत पोहोंचते. सुटणाऱ्या पापुद्र्यांच्या खनिजाची जागा न सुटणाऱ्या पापुद्र्यांच्या कृत्रिम द्रव्यानें घेतली, हा या इतिहासाचा आरंभ मोठा सूचक आहे.

दुसरा अध्याय लाकडाचा आहे आणि तो हिंदुस्थानच्या पावसांत लिहिला गेला. १९४० च्या नोव्हेंबरांत इंग्लंडमध्यें डी हॅविलंड कंपनीच्या मॉस्किटो विमानानें प्रथम उड्डाण केलें. बर्च लाकडाच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्यें हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा, अशी त्याची काया होती. तें इतकें वेगवान् निघालें कीं, धातूच्या विमानांच्या युगांत लाकडानें पुन्हां मान मिळविला. परंतु १९४४ सालीं आपल्याकडील व ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील कांहीं मॉस्किटो विमानांस अपघात झाले आणि पंखांचे सांधे सुटत असल्याचा संशय आला. विमानें जमिनीवर ठेवण्यांत आलीं. कंपनीचें तपासपथक हिंदुस्थानांत आलें. दोष दुधाच्या केसीनपासून केलेल्या गोंदाचा, ओल्या हवेंत लाकूड हलण्याचा, कीं कारखान्यांतील हलगर्जी बांधणीचा, याविषयीं चौकशी करणाऱ्यांत मतभेद झाले. केसीनच्या जागीं फॉर्माल्डिहाइडचा गोंद आणण्यांत आला होताच. वाद कोणत्याहि बाजूनें सुटो, त्यांतून एक गोष्ट मात्र निर्विवाद ठरली: थरांच्या वस्तूची परीक्षा तिच्या थरांवर होत नाहीं, तर थरांमधील जागेवर होते, आणि ही परीक्षा ऊन, पाऊस व काळ हे तिघे मिळून घेतात. ज्याच्या घरीं प्लायवूडचें कपाट चार पावसाळे ओल्या भिंतीला लागून उभें आहे, त्याला हें सांगावयास नको.

यानंतर लाकडाची जागा कर्बाच्या तंतूंनीं घेतली. कर्बतंतूचा पहिला उपयोग प्रकाशासाठीं झाला होता. एडिसननें १८७९ सालीं सुताचा व पुढें बांबूचा धागा जाळून त्याचा दिवा पेटविला. बळासाठीं कर्बतंतु शोधण्याचा उद्योग मात्र पुष्कळ उशिरा, १९५८ च्या सुमारास सुरू झाला. त्या सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यानें ग्रॅफाइटचे असामान्य बळकट केसर मिळविले. त्यानंतर थोड्याच काळांत ओसाकाच्या सरकारी संशोधनशाळेंत अकिओ शिंदो यानें पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कर्बतंतु काढण्याची रीत दाखविली, आणि १९६३-६४ मध्यें इंग्लंडांतील फार्नबरो येथें विल्यम वॉट व त्याच्या सहकाऱ्यांनीं तीच वाट पुढें नेऊन पोलादाशीं स्पर्धा करणारे पण वजनानें त्याच्या चतुर्थांशाहूनहि कमी असे तंतु तयार केले. एका तंतूची जाडी सुमारें ७ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केंसाच्या दशांशाइतकी.

या तंतूंचें कौतुक इंग्लंडांत इतकें झालें कीं, रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या आर. बी. २११ या नव्या एंजिनाच्या पुढल्या प्रचंड पंख्याचीं पातीं कर्बतंतूंच्या संमिश्र द्रव्याचीं करण्याचें ठरविलें. त्या द्रव्याला हायफिल असें नांव होतें. वजन वांचत होतें. ताण सहन होत होता. सारीं गणितें जुळत होतीं. परंतु विमानाच्या एंजिनाला आणखी एक कसोटी उतरावी लागते. आकाशांत पक्षी येऊन आदळतात. म्हणून फिरत्या पंख्यावर पक्ष्याचें कलेवर तोफेनें मारून पाहण्याची वहिवाट आहे. १९७० च्या मे महिन्यांत ही कसोटी झाली आणि हायफिलच्या पात्यांचे तुकडे उडाले. कंपनीला टायटॅनियम धातूकडे वळावें लागलें. खर्च आधींच हाताबाहेर गेला होता. आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजीं जगांतील एक अत्यंत प्रतिष्ठित कारखाना दिवाळखोरींत निघाला. दिवाळखोरीचीं कारणें अनेक होतीं, सारा दोष एका पात्यावर ढकलणें न्यायाचें नाहीं. तथापि, ताणापुढें पोलादासारखें आणि आघातापुढें कांचेसारखें वागणारें हें द्रव्य त्या दिवसापासून शास्त्रज्ञांच्या मनांत एक कोडें होऊन बसलें.

कोड्याचें उत्तर थरांतच होतें. कर्बतंतूंचें संमिश्र द्रव्य राळेंत भिजलेल्या पातळ चादरी एकावर एक रचून, त्यांस उष्णता व दाब देऊन घडवितात. एका चादरीची जाडी साधारणपणें मिलिमीटरचा आठवा भाग असते. चादरींतील तंतु आडवे वा उभे धांवतात, पण एका चादरींतून दुसरींत कोणताहि तंतु जात नाहीं. दोन चादरींच्या मध्यें १०-२० मायक्रॉन जाडीचा नुसत्या राळेचा पट्टा असतो. तंतूंच्या दिशेनें ओढलें तर जें द्रव्य प्रचंड ताण सोसतें, तेंच चादरीच्या आडव्या दिशेनें ओढलें असतां त्या ताणाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यावर फाटतें; कारण तेथें तंतु कामाला येत नाहींत, एकटी राळ उभी राहते. १९७० सालींच पाइप्स व पगानो या दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं आणखी एक गोष्ट गणितानें दाखविली. वस्तूस नुसत्या लांबीच्या दिशेनें ओढलें तरी तिच्या मोकळ्या कडेपाशीं थरांना एकमेकांपासून अलग करणारे ताण आपोआप उत्पन्न होतात. म्हणजे शत्रु बाहेरूनच यावा लागतो असें नाहीं. तो रचनेंतच दडून असतो.

याहून भयंकर म्हणजे हा रोग डोळ्यांस दिसत नाहीं. धातूच्या पत्र्यावर हातोडी पडली तर पोंचा येतो आणि तो पोंचा सत्य सांगतो. कर्बाच्या पृष्ठावर तीच हातोडी पडली तर वर नखाएवढी खूण उमटते वा तीहि उमटत नाहीं. आंत मात्र थरामागून थर सुटत जाऊन खालीं खालीं मोठीं होत जाणारीं भेगांचीं वर्तुळें पसरतात. असा भाग दाबाखालीं आला कीं सुटलेला एकेक पापुद्रा वेगळा वांकतो आणि त्याचें बळ पुष्कळदां निम्म्यावर येतें. वरून अखंड, आंतून विस्कटलेलें असें हें द्रव्य पाहिलें म्हणजे आपल्या कित्येक संस्थांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं; पण तें विषयांतर होईल.

आतां यांत उष्णतेची भर घाला. साधी इपॉक्सी राळ दीड-पावणेदोनशें अंश सेंटिग्रेडच्या पुढें टिकत नाहीं; एंजिनाच्या भोंवतालीं याहून कितीतरी अधिक उष्णमान असतें. म्हणून क्लीव्हलंड येथील नासाच्या लुइस संशोधनकेंद्रांत टिटो सेराफिनी व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं पी. एम. आर.-१५ ही पॉलिइमाइड जातीची राळ प्रसिद्ध केली. नांवांतील १५ हा आंकडा तिच्या मूळ साखळीच्या १५०० या रेणुभाराचा सूचक आहे. ती २९० ते ३१५ अंशांच्या उष्णमानांत दीर्घकाळ काम देते. जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ या लढाऊ विमानांच्या एंजिनांत बाहेरील हवेच्या नळकांड्यासाठीं टायटॅनियमऐवजीं तिचा उपयोग झाला. याच एंजिनाची एक आवृत्ति आपल्या तेजस विमानांत आहे.

पण उष्णता सोसणारी राळ ही बहुधा कडक असते आणि कडक असते म्हणून ठिसूळ असते. तिचे रेणु जितके घट्ट विणलेले तितका तापाचा प्रतिकार अधिक. आणि जितके घट्ट तितकी तडा थांबविण्याची शक्ति कमी. पी. एम. आर.-१५ सुमारें ३१६ अंशांवर पक्की करितात. घडत असतां तिच्यांतून मद्यार्काची व पाण्याची वाफ निघते. ती आंत अडकली तर पोकळ्या राहतात. पुढें वस्तु थंड होते तेव्हां राळ आकुंचन पावते. कर्बतंतु मात्र लांबीच्या दिशेनें जवळजवळ हलतच नाहीं. तीनशें अंशांच्या या उतरणीमध्यें दोहोंमधील ओढाताण वस्तूच्या अंगांत कायमची मुरते. विमान रोज तापतें, रोज निवतें. प्रत्येक फेऱ्यास बारीक तडे वाढतात. तड्यांतून प्राणवायु आंत शिरून राळ जाळूं लागतो. आणि तडे थरांच्या सीमेपाशीं पोहोंचले कीं पापुद्रे सुटतात. धान्य दळतांना जातें झिजावें तसें, तापापासून संरक्षण करणारें द्रव्य तापानेंच झिजत जातें.

उलट टोंकाचें, म्हणजे अतिशीताचें, उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. एकाच टप्प्यांत अंतराळांत जाऊन परत येणाऱ्या यानाची पूर्वतयारी म्हणून नासा व लॉकहीड मार्टिन यांनीं १९९६ सालीं एक्स-३३ हें यान हातीं घेतलें. त्याची द्रव हायड्रोजनची टांकी कर्बतंतूंची, पोळ्यासारखा गाभा असलेली होती. १९९९ च्या नोव्हेंबरांत हंट्सव्हिल येथें उणें २५३ अंशांचा द्रव भरून तिची परीक्षा झाली. परीक्षा पार पडली असें वाटत असतां, टांकी रिकामी होऊन ऊब घेऊं लागल्यावर तिचें बाहेरचें कवच गाभ्यासह सुटून आलें. आंतल्या थरांतील बारीक तड्यांतून हायड्रोजन आंत शिरला होता. ऊब येतांच तो फुगला, आणि चिकटवणीचा सांधा त्या दाबापुढें उणा पडला. १९०० नंतरचें शतक संपतां संपतां घडलेला हा प्रसंग एका अर्थीं १९४४ च्या पावसाचीच पुनरावृत्ति होता. २००१ च्या मार्चमध्यें एक्स-३३ ची योजना रद्द झाली. यानाच्या अपयशाला टांकी हें एकच कारण नव्हतें. पण स्वप्न मोडलें तें पापुद्र्यापाशीं.

सांधा बळकट करण्याचे उपाय सुचले नव्हते असें नाहीं. सर्वांत नैसर्गिक उपाय शिंप्याचा. गोधडीचे थर जसे टांक्यांनीं धरले जातात तसे कर्बाच्या कापडाचे थर धाग्यानें शिवावे, हा प्रयोग नासानें १९९० नंतरच्या दशकांत मोठ्या प्रमाणावर केला. दुसरा उपाय सुताराचा: अर्धा मिलिमीटरहूनहि बारीक कर्बाच्या टांचण्या थरांतून आरपार ठोकावयाच्या. दोन्ही उपायांनीं पापुद्रे धरले जातात यांत शंका नाहीं. पण सुई ज्या ठिकाणीं शिरते तेथें शेंकडों तंतु तुटतात वा वांकतात. थरांमधील बळ मिळवितांना थरांतील बळ खर्चीं पडतें. तिसरा उपाय आचाऱ्याचा: दोन थरांच्या मध्यें चिवट प्लास्टिकचे बारीक कण भुरभुरावयाचे, म्हणजे तडा त्यांत अडखळतो. जपानच्या टोरे कंपनीची ही युक्ति १९९५ पासून बोइंग ७७७ च्या शेपटींत उत्तम चालली. हायफिलचें अपयशहि त्याच सालीं धुवून निघालें. त्या वर्षीं सेवेंत आलेल्या जी. ई.-९० एंजिनाचीं पातीं चिवट इपॉक्सी व कर्बतंतु यांचीं असून त्यांच्या पुढल्या धारेला टायटॅनियमचें कवच होतें. परंतु मऊ कणांचें चिवटपण हें थंडींतलें चिवटपण आहे. पॉलिइमाइडच्या भट्टींत हे कण टिकावे कसे? उष्णतेच्या राज्यांत आचाऱ्याचा उपाय संपतो, शिंप्याचा महाग पडतो. हवी होती ती अशी सुई कीं, जी तंतूंच्या मधून जाईल, पण एकाहि तंतूला इजा करणार नाहीं.

ही सुई कर्बानेंच पुरविली. कर्बाच्या अतिसूक्ष्म नलिकांचीं चित्रें १९५२ सालींच रादुश्केविच व लुक्यानोविच या दोघां रशियन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलीं होतीं. पण तीं रशियन भाषेंत राहिलीं. १९९१ सालीं त्सुकुबा येथील सुमिओ इजिमा याचा लेख 'नेचर' मध्यें आला आणि सारें जग या नलिकांकडे वळलें. अशा नलिकेची जाडी १० नॅनोमीटर धरली, तर ७०० नलिका शेजारीं शेजारीं ठेवल्यावर एका कर्बतंतूची जाडी होते. शिवणाऱ्याच्या सुईपुढें तंतु म्हणजे गवताची काडी. या सुईपुढें तोच तंतु वडाचें खोड. दोन खोडांच्या मधून मुंगी जावी तशी ती निघून जाते.

पहिल्या उत्साहांत लोकांनीं नलिका थेट राळेंत कालवून पाहिल्या. पिठांत पाणी एकदम ओतल्यावर गुठळ्या होतात तशा त्यांच्या गुठळ्या झाल्या. राळ घट्ट झाली. आणि तंतूंच्या कापडानें चाळणीप्रमाणें नलिका बाहेरच अडवून धरल्या. फायदा झाला, पण बेताचा. खरी कल्पना पुढें आली ती अरण्याची. नलिका कालवावयाच्या नाहींत, तर कापडावरच गवतासारख्या उभ्या उगवावयाच्या. २००६ सालीं हवाई विद्यापीठांतील घासेमी नेजाद व रेन्सेलर संस्थेंतील पुलिक्कल अजयन यांच्या पथकानें असा प्रयोग प्रसिद्ध केला. अजयन हे मूळचे केरळचे आणि काशी हिंदु विश्वविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनीं घेतलेलें कापड सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंचें, म्हणजे मुळांतच उष्णता सोसणारें होतें. त्यावर नलिकांचें अरण्य उगवून थर रचल्यावर, थर उकलण्यास लागणारी शक्ति ३४८ टक्क्यांनीं, म्हणजे जवळजवळ साडेचारपट, वाढली. राळ इपॉक्सीचीच होती, हें येथें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

कर्बतंतूंवर मात्र ही लागवड सरळ होत नाहीं. नलिका उगवावयास लोखंडाचे कण व मोठी उष्णता लागते. तें तापलेलें लोखंड कर्बतंतूलाच पोखरतें. रोप लावण्यासाठीं वाफा जाळण्यासारखाच हा प्रकार. म्हणून मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत ब्रायन वॉर्डल व त्याच्या सहकाऱ्यांनीं वेगळीच वाट धरली. भाताचें रोप एका ठिकाणीं तयार करून दुसरीकडे लावतात, तसें अरण्य सिलिकॉनच्या तबकडीवर उगवून मग तें चिकट चादरीवर दाबून उतरवून घेतलें. २००८ सालच्या त्यांच्या प्रयोगांत थर उकलण्याचा प्रतिकार दीड ते अडीच पटींनीं आणि थर सरकण्याचा प्रतिकार तिपटीनें वाढला. २०१६ सालीं याच पथकानें दाखविलें कीं, असे थर बोल्टाच्या भोंवतीं फाटण्यापूर्वीं सुमारें ३० टक्के अधिक भार सोसतात. उष्ण राळ या नलिकांमध्यें केशाकर्षणानें, दिव्याच्या वातींत तेल चढावें तशी, आपणहून चढते. वेगळा गोंद लागत नाहीं आणि वजन जवळजवळ वाढत नाहीं. तडा आला तर त्याला अब्जावधि टांक्यांतून वाट काढावी लागते. प्रत्येक नलिका ओढून काढण्यांत त्याची शक्ति खर्च होते, आणि पुष्कळदां तो कंटाळून थरांमधील मार्गच सोडून देतो.

उष्णतेच्या दृष्टीनें या युक्तीची मर्यादाहि स्पष्ट आहे. हवेंत ५००-६०० अंशांच्या सुमारास कर्बनलिका जळूं लागतात. ३०० अंशांच्या पॉलिइमाइडला हें पुरेसें आहे, पण त्यापुढील राज्य दुसऱ्यांचें. बोरॉन नायट्राइडच्या नलिका, ज्या १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें प्रथम तयार झाल्या, त्या हवेंत आठशें अंशांपर्यंतहि तग धरतात. तिसरी वाट चिकणमातीची. दख्खनच्या काळ्या जमिनींत जी फुगणारी माती असते त्याच कुळांतील मातीचे, मिलिमीटरच्या दशलक्षांशाएवढे पातळ, पापुद्रे सुटे करून राळेंत पसरले, तर प्राणवायूची वाट लांबते आणि राळ सावकाश जळते. नायलॉनांत ही युक्ति टोयोटाच्या संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. पुढें नासाच्या क्लीव्हलंड केंद्रांत ती पी. एम. आर.-१५ वरहि अजमावण्यांत आली. येथें एक मौज आहे. मोठ्या वस्तूचे पापुद्रे सुटूं नयेत म्हणून मातीचे पापुद्रे आधीं सोडवावे लागतात. सुगरणीचा साटा असा शेवटीं विमानशास्त्रांत पोहोंचला.

आणखी एक सत्य या इतिहासानें शिकविलें आहे: सांधा जितका घट्ट तितका चांगला, असें नाहीं. मृण्मय द्रव्यांत, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंना त्याच द्रव्याचें पूरण केलेल्या संमिश्रांत, तंतूंवर मुद्दाम बोरॉन नायट्राइडचा मऊ लेप देतात, तो अशासाठीं कीं, तडा तंतूपाशीं येतांच त्यानें तंतु न तोडतां बाजूला वळावें. तेथें सांधा अगदीं पक्का केला तर सारी वस्तु एका तड्यांत दुभंगते. थोडें सुटण्याची मुभा असलेला सांधाच तेथें टिकतो. म्हणून अतिसूक्ष्म द्रव्यांचा उपयोग हा केवळ चिकटवण्याचा उपयोग नव्हे. कोठें धरावें आणि कोठें सोडावें, हें ठरविण्याचा तो उपयोग आहे.

या विषयावर लिहितांना बहुतेक लेखक येथेंच टाळ्या घेऊन थांबतात. इतिहास लिहिणाऱ्यास तें शोभत नाहीं. जगांतील पहिला अग्निरोधक तंतु प्रयोगशाळेंत नव्हे, खाणींत सांपडला. त्याचें नांव अॅस्बेस्टॉस. न जळणारें वस्त्र म्हणून प्राचीनांनीं त्याचें कौतुक केलें, आणि बेकलाइटसारख्या राळांत मिसळून विसाव्या शतकानें त्याचे अग्निरोधक तक्ते केले. १९०६ सालींच डॉक्टर माँटेग्यू मरे यांनीं ब्रिटिश सरकारी समितीपुढें अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील एका कामगाराचा फुप्फुसांत धूळ बसून झालेला मृत्यु सांगितला होता. ब्रिटननें त्याच्यावर संपूर्ण बंदी घातली ती १९९९ सालीं. मध्यें ९३ वर्षें गेलीं. पी. एम. आर.-१५ मधील एक घटकद्रव्यहि कामगारांच्या प्रकृतीस घातक असल्याचें पुढें दिसून आलें, आणि त्याला पर्याय शोधावे लागले. २००८ सालीं एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनीं उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, लांब व ताठ कर्बनलिका शरीराच्या अंतस्त्वचेवर अॅस्बेस्टॉससारखाच दाह उत्पन्न करूं शकतात. आणि २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधनसंस्थेनें एका विशिष्ट जातीच्या नलिका मनुष्यास कर्करोग होण्याच्या संभवाच्या यादींत घातल्या. राळेंत घट्ट बसलेली नलिका आणि हवेंत उडणारी नलिका यांत पुष्कळ अंतर आहे, हें खरें. पण वस्तु कापणारा, घांसणारा व मोडींत काढणारा कोणी तरी मनुष्यच असतो. विमानाचा सांधा बळकट करतांना त्याच्या फुप्फुसाचा पापुद्रा सुटूं नये, याची काळजी घेण्यास या वेळीं ९३ वर्षें लागूं नयेत, एवढीच अपेक्षा.

शंभर वर्षांच्या या प्रवासांत नवें द्रव्य आलें कीं प्रथम त्याच्या बळाचा गाजावाजा झाला, मग त्याचा सांधा सुटला, आणि मग सांध्याचा अभ्यास सुरू झाला. मॉस्किटो, हायफिल, एक्स-३३ या तीन नांवांत या क्रमाची साक्ष आहे. अतिसूक्ष्म द्रव्यांचें वैशिष्ट्य माझ्या मतें त्यांच्या बळांत नाहीं. तें यांत आहे कीं, या वेळीं शास्त्रज्ञांनीं सुरुवातच सांध्यापासून केली. प्रयोगशाळेंतील हाताएवढ्या तुकड्यापासून आकाशांतील पंखापर्यंतचा मार्ग अजून लांब आहे, आणि पॉलिइमाइडच्या भट्टींतून रोज जाऊन वर्षानुवर्षें टिकल्याचा दाखला मिळाल्याशिवाय कोणताहि टांका पक्का म्हणतां येणार नाहीं. तोंवर गोष्टींतल्या म्हाताऱ्याला एवढेंच सुचवावें कीं, मुलांच्या हातीं मोळी देण्यापूर्वीं दोरी एकदां ओढून पाहावी.